पिकगार्ड, तंबोरा आणि मिरजेचे खाँसाहेब

आधीच सांगून टाकते. मी पहिली ते दहावी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. तिथे मराठी आठवड्यातून चार तास होतं, त्यातले दोन बाई पेपर तपासण्यात घालवायच्या. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका दिसल्या तर पोटात घाला. संपादक मंडळाने ‘एका थोर व्यक्तीचे जीवन’ हा विषय दिला तेव्हा सगळ्यांनी पटापट कलाम सर आणि विश्वेश्वरय्या वाटून घेतले. मी गप्प बसले होते, कारण माझ्या डोक्यात तेव्हा फक्त एकच प्रश्न होता : माझ्या गिटारला पिकगार्ड लावायचा की नाही?

हसू नका. या प्रश्नापायी मी लातूरहून मिरजेला जाऊन आले आणि येताना एका थोर व्यक्तीला घेऊन आले.

तर गिटारची गोष्ट. ती मुळात माझी नाही, दादाची. दादा म्हणजे माझा चुलतभाऊ. आमच्या देवणीत गिटार वाजवणारा बहुतेक तो पहिलाच. देवणी म्हटलं की लोकांना जनावरांचा बाजार आठवतो, काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची गाय आठवते, गिटार कुणाला आठवणार! दादा पुण्याला एमपीएससीचा अभ्यास करायला गेला तेव्हा ती सोबत नेली होती. सहा वर्षांनी परत आला तो पोस्ट न घेताच. आता गावात खत-बियाणांचं दुकान चालवतो. मी फर्स्ट इयरला हॉस्टेलला निघाले त्या दिवशी त्याने गिटार माझ्या हातात दिली आणि परत तिच्याबद्दल एक शब्द काढला नाही.

त्या गिटारच्या पुढच्या फळीवर, आवाजाच्या भोकाखाली, ओरखड्यांचा एक पट्टाच आहे. पिक जोरात मारली की ती शेवटच्या तारेला ओलांडून खाली लाकडावर घासते. दादा जोरातच वाजवायचा. पॉलिश गेलंय, खालचं पांढरं लाकूड दिसतंय. पिकगार्ड म्हणजे नेमक्या याच जागेवर चिकटवायचा प्लास्टिकचा पातळ तुकडा, पाण्याच्या थेंबासारख्या आकाराचा. ऑनलाइन दोनशे-तीनशे रुपयांत मिळतो. गॅदरिंगला मला वाजवायचंय म्हटल्यावर दादा फोनवर एवढंच म्हणाला की तेवढं प्लास्टिक लावून टाक, फार घाण दिसतंय ते.

मला ते घाण वाटत नव्हतं. पण का वाटत नव्हतं ते सांगताही येत नव्हतं.

हॉस्टेलमध्ये यावर तीन दिवस चर्चासत्र चाललं. मेकॅनिकलवाल्या म्हणाल्या, वजन वाढेल, फळी कमी हलेल, आवाज दबेल. सिव्हिलवाल्या म्हणाल्या, भोक पडल्यावर काय करशील? दोघींचंही बरोबर निघालं. अमेरिकेत विली नेल्सन नावाचे गायक आहेत, त्यांच्या गिटारला पिकगार्ड नव्हता आणि वर्षानुवर्षं वाजवून तिच्या फळीला खरंच मोठं भोक पडलं. उलट बाजूने, मार्टिन कंपनीच्या जुन्या गिटारींवर १९३० नंतर जे सेल्युलॉइडचे पिकगार्ड थेट लाकडावर चिकटवले गेले, ते वर्षांनी आक्रसले आणि सोबत खालच्या लाकडालाही ओढून चिरा पाडल्या. म्हणजे राखणीला ठेवलेल्यानेच घर फोडलं. आवाजाचं म्हणाल तर भोकाजवळची जागा आतल्या पट्ट्यांमुळे मुळातच कडक असते, तिथला छोटा पातळ तुकडा फार काही बिघडवत नाही. आणि माझी गिटार तर प्लायवूडची! थोडक्यात, इंजिनिअरिंगने उत्तर दिलं की काहीही केलंस तरी चालेल. असलं उत्तर सर्वांत वाईट.

माझी रूमपार्टनर मिरजेची. ती म्हणाली, आमच्या गावात चल, सतारमेकर गल्लीत विचारू. आम्हा लातूरवाल्यांसाठी मिरज म्हणजे पाण्याची रेल्वे. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला प्यायला पाणी नव्हतं तेव्हा मिरजेहून टँकरच्या वाघिणी आल्या होत्या, पहिल्या फेरीला पाच लाख लिटर. मी तेव्हा शाळेत होते, ती गाडी टीव्हीवर पाहिलेली आठवते. त्याच रुळांवरून आम्ही दोघी गिटार घेऊन उलट्या दिशेने गेलो. ही पूर्वी बार्शी लाइट रेल्वेची छोटी लाइन होती. ती १९११ ला लातूरला आली आणि १९२७ ला मिरजेपर्यंत पोचली. ज्यांच्याबद्दल मी लिहिणार आहे ते खाँसाहेब तेव्हा मिरजेतच राहत होते.

गल्लीत शिरलं की लाकडाचा भुसा आणि पॉलिशचा वास येतो. दारादारात उघडे भोपळे वाळत टाकलेले. हे भाजीचे भोपळे नव्हेत. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येणारे, जाड सालीचे, आमच्या मेसच्या पातेल्याएवढे. इथले कारागीर मूळचे शिकलगार, म्हणजे तलवारी-भाल्यांना धार लावणारे. एकोणिसाव्या शतकात हत्यारांचं काम संपत आलं तेव्हा पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयाने फरीदसाहेबांनी तंतुवाद्यं बनवायला सुरुवात केली आणि शिकलगारांचे सतारमेकर झाले. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय टॅगही मिळाला.

आम्ही ज्या चाचांच्या दुकानात बसलो त्यांनी गिटार उलटीपालटी करून पाहिली, फळीवर बोटाने टिचकी मारली आणि पिकगार्डबद्दल काहीच बोलले नाहीत. ते एका तंबोऱ्याची जवारी काढत होते. घोडीवर तार जिथे टेकते तो भाग किंचित उताराचा असतो. तो इतक्या हलक्या हाताने घासायचा की तार त्यावर नुसती टेकणार नाही, थरथरताना त्याला पुन्हा पुन्हा स्पर्श करत राहील. मग मध्ये सुताचा एक दोरा सरकवायचा. दोरा अर्धा केस इकडेतिकडे झाला की आवाज एकतर मुका होतो नाहीतर पत्र्यासारखा वाजतो. आणि बरोबर जागी बसला की एका तारेतून दहा स्वर उठल्यासारखे वाटतात. माझ्या अंगावर काटा आला, खरंच. भिंतीवर एक फोटो होता : पगडी, बारीक अंगकाठी, झुपकेदार मिशा, जरा झोपाळू वाटणारे डोळे. चाचांनी तिकडे मान वळवून सांगितलं की या घोडीची खरी कदर त्यांना होती.

अब्दुल करीम खाँ. नाव मी ऐकलं होतं, पण फक्त नावच. परत आल्यावर लायब्ररीत बसून जे मिळेल ते वाचून काढलं.

त्यांचा जन्म ११ नोव्हेंबर १८७२ चा, उत्तर प्रदेशातल्या कैराना गावचा. घराणं गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचं. वडील काले खाँ आणि काका अब्दुल्ला खाँ हेच गुरू. सारंगीही त्यांच्या हातात होती. आधी सारंगीच वाजवायचे, पण सारंगियाला मैफलीत मान नाही म्हणून गाण्याकडे वळले असं सांगतात. मला हे खरं असावंसं वाटतं, कारण त्यांचा आवाज ऐकला की गळ्याऐवजी गजाने स्वर काढतोय कुणी असा भास होतो.

तरुणपणीच ते भावाबरोबर बडोद्याच्या दरबारात गायला लागले. तिथे सरदार मारुतीराव माने यांची मुलगी ताराबाई आणि त्यांचं प्रेम जमलं. आजही अशी बातमी आपल्या मेसमध्ये आठवडाभर चघळली जाईल, तेव्हा तर विचारूच नका. दोघांनी बडोदा सोडलं. पुढे मुंबई आणि मिरज. मिरजेत प्लेगच्या दिवसांत खाँसाहेब आजारी पडले, तेव्हा ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यात जाऊन गायले आणि बरे झाले, अशी आठवण मिरजेत सांगतात. त्यानंतर उरुसाला तिथे गाऊन हजेरी लावायची हा त्यांचा नेम झाला. त्यांच्या नावाने उरुसात संगीत सभा भरते ती यामुळे.

मला सर्वांत जास्त भावला तो त्यांचा वाद्यांचा नाद. त्यांना बीन येत होती, सतार येत होती, वाद्यं दुरुस्त करण्यात हात बसलेला होता. तंबोरा जुळल्याशिवाय गाणं नाही. जुळला म्हणजे नुसता पट्टीत आला असं नव्हे, तर जवारी अशी लागली पाहिजे की गाणाऱ्याचा स्वर त्यात साखरेसारखा विरघळेल. किराणा घराण्याची गायकी स्वरप्रधान म्हणतात. ताना-लयकारीची कसरत नंतर, आधी एकेक स्वर शांतपणे लावत रागाची बढत करायची. असं गाणं वाईट तंबोऱ्यावर उभंच राहू शकत नाही. भोवतालची प्रत्येक गोष्ट उघडी पडते.

आपल्या पिंडाच्या लोकांना आवडेल असा एक अध्याय मध्येच येतो. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर, आणि अर्नेस्ट क्लेमेंट्स हे साताऱ्याला जज्ज असलेले आयसीएस अधिकारी. हार्मोनियमच्या बारा पट्ट्यांत भारतीय संगीत मावत नाही, सप्तकात बावीस श्रुती आहेत आणि त्या मोजता येतात, असं देवलांचं म्हणणं. मोजायला गाणारा हवा, आणि तोही असा की तोच स्वर दहादा मागितला तर दहादा तिथेच लागेल. ते काम खाँसाहेबांनी केलं. तारांची लांबी मोजायची, गुणोत्तर काढायचं, ते गळ्याशी ताडून पाहायचं. म्हणजे चक्क इन्स्ट्रुमेंटेशन लॅब! देवलांचं श्रुतींवरचं इंग्रजी पुस्तक १९१० चं. मोठमोठ्या पंडितांनी यावर कडाडून वाद घातला आणि बावीस श्रुतींचा निकाल पूर्णपणे आजही लागलेला नाही. पण एका घराणेदार उस्तादाने प्रयोगासाठी बसून राहावं, हे मला त्या निकालापेक्षा मोठं वाटतं.

१९१३ मध्ये त्यांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढलं. मुलं तिथेच राहायची, खायची, शिकायची. खर्च बराचसा खाँसाहेबांच्या मैफलींवर चालायचा. (आपल्या मेसचं बिल त्या काळी असतं तर!) याच्या आधीपासूनच रामभाऊ कुंदगोळकर त्यांच्याकडे शिकत होते. आठ वर्षं राहशील तरच शिकवीन, अशी अट घालून घेतलेला हा मुलगा पुढे सवाई गंधर्व झाला. स्वतःच्या मुलांनाही खाँसाहेब शिकवत होते, जलशांतून पुढे बसवत होते. त्यांच्या कुत्र्याचीसुद्धा एक गोष्ट आहे. टिपूमियाँ नावाच्या त्या कुत्र्याला त्यांनी स्वरात आवाज काढायला शिकवलं होतं म्हणे. आमच्या हॉस्टेलमागची कुत्री रात्री दोन वाजता जे काढतात त्यावर एखाद्या खाँसाहेबाची फार गरज आहे. असो.

मग १९२२ आलं. ताराबाई मुलांना घेऊन त्यांना सोडून गेल्या. कारणं घरातली, त्यात मी शिरत नाही. पण पुढचं वाचताना मी पुस्तक मिटून थोडा वेळ नुसती बसले. मुलांची नावंसुद्धा बदलली. अब्दुल रहमानचे सुरेशबाबू माने झाले. चंपाकलीची हिराबाई बडोदेकर झाली, सकीनाची सरस्वती. कुणी आईचं आडनाव लावलं, कुणी गावाचं. वडिलांचं नाव कुठेच राहिलं नाही. पुण्या-मुंबईचं विद्यालय उभं राहिलं होतं ते ज्या घरावर, ते घरच गेलं. खाँसाहेब मिरजेत राहिले ते शेवटपर्यंत.

नावावर असं नवं काहीतरी चिकटवता येतं, गळ्यावर नाही येत. हिराबाईंनी पुढे तिकीट लावून जाहीर मैफली केल्या. कुलीन म्हणवणाऱ्या समाजाने बाईचं गाणं समोर बसून ऐकायला सुरुवात केली त्यात त्यांचा मोठा वाटा. सुरेशबाबूंनी प्रभा अत्र्यांसारख्या शिष्या तयार केल्या. ही भावंडं पुढे अब्दुल वहीद खाँ यांच्याकडे शिकली हे खरं, पण लहानपणी वडिलांनी लावून दिलेला स्वर कुणी पुसला नाही. मी हिराबाईंची जुनी रेकॉर्ड आणि खाँसाहेबांची भैरवी पाठोपाठ ऐकली. मला रागातलं शून्य कळतं. तरी कळलं.

एकटे पडल्यावर माणूस थांबेल असं वाटतं. ते उलट दक्षिणेकडे जास्त जायला लागले. म्हैसूर दरबारात त्यांना मान होता. उत्तरेकडच्या गवयांनी कर्नाटक संगीताला नाकं मुरडायची असा तो काळ, पण हे ते ऐकत राहिले, त्यातली सरगमची पद्धत उचलली, त्यागराजांची एक कृतीसुद्धा रेकॉर्ड केली. साठीला आलेला नावाजलेला उस्ताद नवं शिकतोय! आम्हाला थर्ड इयरला नवी प्रोग्रॅमिंग लँग्वेज शिका म्हटलं की जीव जातो.

त्यांच्या सगळ्यांत गाजलेल्या तबकड्या १९३० नंतरच्या, एकेक तीन-साडेतीन मिनिटांची. झिंझोटीतल्या त्यांच्या ठुमरीची तबकडी गदगच्या एका शाळकरी मुलाने दुकानात ऐकली आणि असं गाता आलं पाहिजे म्हणून १९३३ मध्ये तो घरातून पळाला. तो मुलगा भीमसेन जोशी. फिरत फिरत शेवटी तो सवाई गंधर्वांकडेच येऊन पोचला.

आता ज्या गोष्टीने माझ्या गिटारचा निकाल लागला ती सांगते. रूमपार्टनरने या ठुमरीच्या दोन कॉपी शोधल्या. एक तशीच, भरपूर खरखर असलेली. दुसरी कुणीतरी सॉफ्टवेअरने स्वच्छ केलेली. आम्ही डीएसपीच्या प्रॅक्टिकलसारखे दोन्हींचे स्पेक्ट्रम काढले. तबकडीवरचे ओरखडे जिथे वाजतात, त्याच वरच्या फ्रिक्वेन्सींमध्ये तंबोऱ्याच्या जवारीचे बारीक स्वर असतात, आणि खाँसाहेबांच्या आवाजाची ती नाजूक धारही. स्वच्छ करणाऱ्याने खरखर कापली तशी तीही कापली गेली. स्वच्छ कॉपीत आवाज छान, गुळगुळीत, पण मागचा तंबोरा जवळजवळ मेलेला आणि खाँसाहेब शेजारच्या खोलीत गेल्यासारखे. आम्ही खरखरवालीच ठेवली. आता ती माझ्या फोनवर आहे आणि सबमिशनच्या रात्री लावते. पाचव्या-सहाव्या वेळेला खरखर ऐकू येणंच बंद होतं.

१९३७ च्या ऑक्टोबरमध्ये ते दक्षिणेच्या दौऱ्यावर होते. मद्रासहून पाँडिचेरीला अरविंदांच्या आश्रमात गायला निघाले. गाडीत छातीत दुखायला लागलं. सिंगपेरुमाल कोइल नावाच्या लहानशा स्टेशनवर रात्री उतरले. फलाटावर सतरंजी अंथरायला सांगितली, नमाज पढले आणि दरबारी कानड्याच्या स्वरांत प्रार्थना म्हणत तिथेच गेले. तारीख २७ ऑक्टोबर. त्यांना मिरजेला आणलं आणि मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात दफन केलं. आम्ही तिथेही जाऊन आलो. कबरीजवळ एक म्हातारे गृहस्थ डोळे मिटून बसले होते, म्हणून आम्ही चपला हातात धरून आवाज न करता मागे फिरलो.

दिवाळीला देवणीला गेले तेव्हा गिटार सोबत होती. आजोबांना सगळी मिरजेची कथा सांगितली. त्यांना गाण्यातलं काही नको असतं, पण बाजाराचा विषय निघाला की खुलतात. बैलावर झूल टाकून आणलेली असली की पारखी गिऱ्हाईक आधी ती काढायला लावतो आणि पाठीवरून हात फिरवतो, एवढं ते बोलले आणि परत चहाच्या बशीकडे वळले.

दादा दुकानातून उशिरा आला. मी त्याला स्पष्ट सांगितलं की पिकगार्ड लावणार नाही. तो चिडला. भोक पडेल म्हणाला. मी म्हटलं, चाचांनी निघताना माझं मनगट धरून दाखवलंय, पिक खाली कुठे थांबवायची ते. यापुढे माझे ओरखडे पडणार नाहीत, आहेत ते तुझे आहेत आणि ते राहू देणार. तो काही बोलला नाही. जेवण झाल्यावर मात्र गिटार मांडीवर घेऊन बसला. तारा गंजल्या होत्या, सूर उतरला होता. एकेक खुंटी पिळत अर्धा तास नुसती जुळवत बसला, वाजवलं काहीच नाही.

गॅदरिंगला येतो म्हणालाय. नव्या तारा लातूरहून तोच घेऊन येणार आहे, मी आणू नये म्हणून दोनदा बजावलंय.